३२ लेव्हल, दीड तास वीज : मारिओमधल्या लपलेल्या वाटांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मे २००६. मराठवाड्यातलं एक तालुक्याचं गाव, आमचं आजोळ. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत. बाकीचा तपशील त्या सुट्टीत आम्ही जी दोनशेपानी वही भरली, तिच्यातून घेतला आहे. खेळणारे चौघं होतो. मामाचा मुलगा १४ वर्षांचा, त्याला आम्ही दादा म्हणायचो. मी १२ वर्षांची, माझी धाकटी बहीण ८ वर्षांची. शिवाय शेजारचा एक मुलगा, दादाहून वर्षभराने मोठा. त्याचे चुलतभाऊ औरंगाबादला राहायचे, त्यामुळे गेमच्या बाबतीत त्याचा शब्द आमच्यात वजनदार होता.

यंत्र म्हणजे मामाने बाजारातून आणलेला टीव्ही गेम, निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या यंत्राची नक्कल. आपल्याकडच्या बहुतेक मुलांना मारिओ भेटला तो अशाच नकलांमधून. कार्ट्रिजला सगळे कॅसेट म्हणायचे. आमच्याकडे एक कॅसेट फक्त मारिओची होती. दुसरी शेजाऱ्याची उसनी, तिच्यावर ९९९९ खेळ असल्याचं छापलेलं, पण प्रत्यक्षात तेच वीस-पंचवीस खेळ पुन्हा पुन्हा.

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ सप्टेंबर १९८५ मध्ये जपानात आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला. अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसतो, आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. एवढ्याशा जागेत ८ वर्ल्ड, प्रत्येकात ४ लेव्हल, म्हणजे ३२. आणि या प्रकरणाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यात सेव्ह नाही. वीज गेली की पुन्हा १-१, म्हणजे पहिल्या वर्ल्डची पहिली लेव्हल.

अडचण

त्या वर्षी लोडशेडिंग भयंकर होतं. सकाळी वीज असायची तेव्हा पाण्याची मोटर, मिक्सर, इस्त्री ही कामं आधी, टीव्ही लावायचा नाही असा मामीचा नियम. संध्याकाळी वीज आली की बातम्या आणि मालिका. आमच्या वाट्याला दुपारी अडीच ते चार एवढाच वेळ उरायचा.

दीड तासात ३२ लेव्हल होतील का? दादाने हिशेब मांडला होता. खेळातल्या घड्याळाचा एक अंक अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी असतो, म्हणजे ४०० अंकांची लेव्हल तीन मिनिटांच्या आत संपवावीच लागते. कुणीही एकदाही न मरता खेळलं तर तासाभरात खेळ संपतो. पण आम्ही सारखे मरत होतो. तीन लाइफ संपल्या की परत पहिल्यापासून, आणि चौघांच्या पाळ्या. वहीत पहिल्या आठवड्याच्या २३ खेळ्या नोंदवल्या आहेत, त्यातली सगळ्यात लांबची ४-४ मध्ये संपली.

४-४ मध्ये आम्ही मेलो नव्हतो. किल्ल्याच्या आत चालत राहिलो आणि तोच बोळ पुन्हा पुन्हा येत राहिला, शेवटी घड्याळ संपलं. मशीन बिघडलं असं समजून दादाने कॅसेट काढून फुंकली. तो किल्ला चक्रव्यूह आहे, वरची किंवा खालची वाट योग्य क्रमाने घेतली नाही तर खेळ गुपचूप मागे नेऊन सोडतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि पडद्यावर तशी काहीही खूण नव्हती.

हाती आलेली माहिती

आठव्या दिवशी शेजारच्या मुलाने दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही १-२ बद्दल, म्हणजे जमिनीखालच्या पहिल्या लेव्हलबद्दल.

पहिली : शेवटाकडे वर जाणाऱ्या लिफ्टवरून छतावर चढायचं आणि जिथे गुण नि नाणी दिसतात त्या पट्टीवरून सरळ पळत राहायचं. बाहेर पडायचा पाईप खाली मागे राहतो आणि पुढे एक खोली लागते.

दुसरी : त्याच खोलीत भिंतीतून घुसता येतं. तसं घुसलं तर पाण्याखालचं एक वेगळंच जग लागतं. त्याचा नंबर उणे एक. त्याच्या शेवटी खजिना आहे.

पहिली गोष्ट त्याने स्वतः करून पाहिली होती. दुसरी त्याने चुलतभावाकडून ऐकली होती. त्याने हे दोन्ही एकाच दमात सांगितलं, आणि आम्हीही एकाच पानावर एकाखाली एक उतरवून घेतलं. पुढे जे बिनसलं त्याचं मूळ त्या पानावर आहे.

पर्याय

त्या दुपारी समोर चार वाटा होत्या.

सरळ खेळत राहायचं, रोज थोडं सुधारायचं. सुट्टीचे २२ दिवस उरले होते. दादाला हेच मान्य होतं.

उसन्या कॅसेटमध्ये मारिओची एक नोंद थेट पाचव्या वर्ल्डपासून सुरू व्हायची. अशा कॅसेटींमध्ये यादी फुगवण्यासाठी एकच खेळ वेगवेगळ्या जागेपासून सुरू करून देत. दादाने ती वाट एका वाक्यात बाद केली : "ते आपण पोचलो असं होत नाही."

छतावरून पळायचं.

किंवा उणे एक शोधायचं.

मी तिसऱ्याच्या बाजूने होते. ती फसवणूक नाही, असं मी दादाला सांगितलं, कारण लिफ्ट छताच्याही वर जाते ती कुणीतरी तशी ठेवली म्हणूनच. तो म्हणाला, बघू.

पहिला निर्णय : छतावरून

पहिल्याच प्रयत्नात जमलं. विटांच्या छतावर मारिओ गुण नि नाण्यांच्या पट्टीतून धावतोय. मग भिंत संपते, मारिओ खाली उतरतो आणि वर अक्षरं येतात : 'वेलकम टू वॉर्प झोन!' तीन पाईप, त्यांच्यावर आकडे ४, ३, २. वॉर्प म्हणजे मधल्या लेव्हल गाळून थेट वेगळ्या वर्ल्डमध्ये नेणारी वाट, हे आम्हाला माहीत नव्हतं, आकडे मात्र कळले. धाकटी खाटेवरून उडी मारून खाली आली. पडद्याच्या कडेबाहेर काही असेल ही कल्पनाच तोवर आमच्यापैकी कुणी केली नव्हती. आठ दिवस ज्याला आम्ही छत म्हणत होतो तो रस्ता होता.

४ आकड्याचा पाईप घेऊन सव्वादोन मिनिटांत आम्ही ४-१ मध्ये. आधी तिथे पोचायला पाऊण तास जायचा.

दुसरा निर्णय : उणे एक

पहिली गोष्ट खरी निघाली म्हणून दुसरीही खरी असणार, असं आम्ही धरलं. हा या प्रकरणातला सगळ्यात महागडा निर्णय होता, नऊ दुपारींचा. सांगणारा तोच, खोलीही तीच, त्यामुळे चौघांपैकी कुणालाही शंका घ्यावीशी वाटली नाही.

करायचं ते अवघड होतं. बाहेर पडायच्या पाईपवर उभं राहून वरच्या विटा फोडायच्या, पण भिंतीलगतची शिल्लक ठेवायची. मग डावीकडे तोंड करून, वाकून, मागच्या मागे उडी. नेमकी जमली तर मारिओ भिंतीत अडकतो आणि विटांमधून सरकत पलीकडे बाहेर पडतो. दादाला तिसऱ्या दुपारी जमलं. डावीकडच्या पाईपमध्ये शिरलो आणि पडद्यावर खरंच आलं : वर्ल्ड, मग मोकळी जागा, मग -१. पाणी, मासे, नाणी. शेजारचा मुलगा काही बोलला नाही, नुसता आमच्याकडे बघून हसत होता. त्याने तरी ते कुठे पाहिलं होतं!

लेव्हलच्या शेवटी पाईप होता. त्यात शिरलो की पुन्हा सुरुवातीला.

इथे खजिन्याची अट बदलू लागली. आधी ठरलं, लागोपाठ तीनदा पाईपमधून गेलं पाहिजे. ते केलं, काही झालं नाही. मग सगळी नाणी घेऊन तीनदा. मग एकही नाणं न घेता. अट कोण बदलत होतं ते वहीत लिहिलेलं नाही. मला वाटतं आम्ही सगळेच बदलत होतो. इतकी मेहनत घेतली होती की त्या पाण्याच्या शेवटी काहीच नाही हे म्हणवत नव्हतं.

वहीत याच काळातल्या दोन नोंदी आहेत (दिवस उणे एकच्या पहिल्या दुपारपासून मोजलेले). त्या वेळी दोन्ही आम्ही वाचून पुढे गेलो.

एक, दिवस ४ : 'मधल्या पाईपमध्ये गेलो. ५-१ आलं.' पाईपांवर कुठलाच आकडा दिसत नव्हता, मग ५ कुठून आला, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

दोन, दिवस ६ : 'धाकटी म्हणते हे दोन-दोनच आहे.' २-२ ही तिची सगळ्यात आवडती लेव्हल, दगड नि नाणी कुठे आहेत ते तिला पाठ होतं. ती म्हणाली, "हे नवीन नाहीये, फक्त नंबर वेगळाय." दादा म्हणाला, गप बस, मासे जास्त आहेत. तिचं बरोबर होतं. त्या लेव्हलची मांडणी २-२ आणि ७-२ चीच आहे.

उणे एकमागचं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि दिवस ४ ची नोंद तेव्हा उलगडली. वॉर्प खोलीतल्या पाईपांना आकडे मिळतात ते पडदा ठराविक जागेपर्यंत सरकल्यावर. भिंतीतून घुसलेला मारिओ त्याआधीच पाईपपाशी पोचतो, तेव्हा पाईपांकडे दुसऱ्याच खोलीचे आकडे असतात, ४-२ मधल्या एका खोलीचे. त्या खोलीत मधे एकच पाईप आहे, ५ नंबरचा. डावी-उजवीकडची जागा कोरी, आणि खेळाच्या चित्रसंचात कोऱ्या चौकोनाचा क्रमांक ३६. डावीकडे शिरलं की खेळ आपल्याला छत्तिसाव्या वर्ल्डमध्ये पाठवतो. असं वर्ल्डच नाही, म्हणून हाताला लागेल ती लेव्हल उघडते. आणि ३६ च्या जागी छापायचं चित्र कोरं, म्हणून पडद्यावर ' -१' दिसतं. उणे नाहीच ते, वर्ल्ड आणि लेव्हल यांच्यामधली रेघ आहे. आमचा मधला पाईप ५ ला गेला तोही याच कारणाने. म्हणजे ४-२ मध्ये अशी एक खोली आहे याचा पुरावा चौथ्या दिवशी आमच्या वहीत होता.

नवव्या दुपारी धाकटीने कंट्रोलर मागितला आणि तिची पाळी असूनही दादाने दिला नाही. ती रडली, मामी आली, टीव्ही बंद झाला. दुसऱ्या दिवशी दादाने स्वतःहून उणे एकचं पान घडी घालून बंद केलं.

तिसरा निर्णय : ४-२

त्याच दिवशी धाकटीने विचारलं, जमिनीखालची लेव्हल अजून कुठे आहे? ३२ मध्ये तशी दुसरी एकच आहे, ४-२. तिथेही छतावर चढून बघू, हे तिचंच म्हणणं. शेवटाकडे छतावरून पलीकडे गेलो आणि खोली मिळाली. मधे एक पाईप, आकडा ५. ४-४ चा चक्रव्यूह टळला.

मग दोन दिवसांनी जे झालं ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं. ४-२ च्या पूर्वार्धात, लिफ्टनंतर विटांची एक छोटी ओळ आहे. तिथे कासवाला चुकवायला दादाने उडी मारली आणि मारिओचं डोकं हवेत कशाला तरी आपटलं. टण्. ठोकळा उगवला, नाणं निघालं. शेजारी अजून एक. अदृश्य ठोकळे आम्ही आधी पाहिले होते, १-१ मध्येच लाइफ देणारा एक आहे. नाणं घेऊन पुढे जायचं अशी दादाची घाई. मी त्याला थांबवलं. नाणं द्यायचं असतं तर ते उघड्यावर ठेवलं असतं, इथे ठोकळे पायरीसारखे आहेत, म्हणजे कुणाला तरी आपण वर चढायला हवे आहोत. त्यावर चढून वरची वीट डोक्याने ठोकली तर विटेतून वेल निघाली आणि छताच्या बाहेर गेली.

वर उघडं आकाश, मोठमोठ्या मश्रूमचे ओटे, आणि शेवटी तीन पाईप : ८, ७, ६.

१-१, १-२, ४-१, ४-२, मग ८-१ ते ८-४. बत्तिसाच्या आठ झाल्या.

चौथा निर्णय : तीन लाइफ की बारा लेव्हल

आठव्या वर्ल्डमध्ये तीन लाइफ पाच मिनिटंही टिकेनात. ८-१ लांबलचक आणि तिथे घड्याळ ३०० चंच, ८-३ मध्ये हातोडे फेकणारे जोडीने. लाइफ हव्या होत्या, आणि त्या कुठे मिळतात ते ठाऊक होतं : ३-१ च्या शेवटच्या पायऱ्यांवर कासव कवचात घालून त्यावर उडत राहिलं की दर उडीला एक लाइफ. पण त्यासाठी १-२ मधून ४ ऐवजी ३ आकड्याचा पाईप घ्यायचा, म्हणजे तिसरं वर्ल्ड पूर्ण खेळायचं. आठच्या बारा लेव्हल होतात, वेळही पाऊण तासाच्या घरात जातो.

आम्ही ३ चा पाईप निवडला आणि पहिल्याच वेळी दादाने हात आखडता घेतला नाही. कवचावर मारिओ उडतोय, उडतोय. लाइफच्या आकड्याजागी मुकुट आला, मग भलतीच चिन्हं. सगळे आनंदात. ३-२ मध्ये पहिल्यांदा मेलो आणि गेम ओव्हर. हा आकडा १२७ च्या पुढे गेला की खेळ तो उणे समजतो. त्या दिवशी आम्हाला एवढंच कळलं की हाव नडली, आणि वहीत लिहिलं : 'मोजून ४०.' त्यानंतर धाकटी मोठ्याने उड्या मोजायची आणि चाळीसला ओरडायची.

निष्पत्ती

८-४ पर्यंत तिसऱ्या दिवशी पोचलो. हा किल्ला पाईपांचा चक्रव्यूह आहे. बरोबर पाईप न घेता चालत राहिलं की तीच जागा फिरून येते, चुकीचा पाईप मागे नेतो. दुसऱ्या टप्प्यात योग्य पाईप हवेत उंचावर आहे आणि त्याच्याखाली एक अदृश्य ठोकळा. तो सापडायला वेळ लागला नाही, कारण ४-२ पासून उंचावर काही दिसलं की त्याच्याखालच्या हवेत उड्या मारून बघायची सवय लागली होती.

पाण्याच्या टप्प्यात पोचलो असताना चारला दहा कमी असतानाच लाईट गेली. दुसऱ्या दिवशीही गेली, वेळापत्रक बदललं होतं. तिसऱ्या दिवशी मामीने सकाळी अर्धा तास मोटर उशिरा लावते म्हणून सांगितलं. आम्ही निघणार त्याच्या आदल्या दिवशीची ती सकाळ. दादा खेळला, धाकटी हातात नकाशा धरून पाईप सांगत होती, शेवटचा हातोडेवाला मी चुकवला कारण दादाचा हात थरथरत होता, आणि बाउझर या शेवटच्या राक्षसाच्या मागची कुऱ्हाड पुन्हा दादाने घेतली. पडद्यावर आलं की राजकन्या सुटली, आता नवी मोहीम, बी बटण दाबून हवं ते वर्ल्ड निवडा. मामी दारात उभी होती. तिने विचारलं, झालं का? मग मोटर लावली.

वेगळं काय करता आलं असतं

गेम ओव्हर झाल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर ए दाबून धरून स्टार्ट दाबलं, तर ज्या वर्ल्डमध्ये मेलो त्याच्या पहिल्या लेव्हलपासून खेळता येतं. वीज असेपर्यंत ही सोय चालते. म्हणजे आठव्या वर्ल्डमध्ये एकदा पोचल्यावर दर वेळी बारा लेव्हल खेळायची गरज नव्हती. मला हे कॉलेजात असताना कळलं आणि खरंच वाईट वाटलं. खेळाच्या आतली एकेक वीट आम्ही डोक्याने ठोकून पाहिली होती, सुरुवातीच्या पडद्यावर मात्र स्टार्टशिवाय दुसरं बटण कुणी दाबून पाहिलं नाही.

उसनी कॅसेट बाद करायला नको होती. खेळ संपवण्यासाठी ती वाट खोटी होती, यात दादाशी मी आजही सहमत आहे. पण पाचव्या वर्ल्डपासून पुढे हात बसवायला तिचा उपयोग झाला असता. सराव आणि पोचणं या दोन गोष्टी आम्ही एकच मानल्या.

उणे एकबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. १-२ च्या छताकडे जाणारी लिफ्ट, ४-२ मधले पायरीसारखे ठोकळे, ८-४ मधला उंच पाईप, या प्रत्येक ठिकाणी रचणाऱ्याने काहीतरी हाताशी ठेवलं होतं आणि वाटेच्या शेवटी नाव किंवा आकडा लिहिला होता. भिंतीतून घुसायच्या जागी तसं काही नव्हतं. तिथे मारिओ अडकायचा, थरथरायचा, मग ढकलला जायचा, आणि पलीकडच्या पाईपांवर अक्षरंही नसायची. ती फट होती, कुणी ठेवलेली वाट नव्हती. हा फरक पडद्यावर दिसत होता. तरी पहिल्या दोन-तीन दुपारी वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. भिंतीतून मारिओ सरकताना पाहणं हाही त्या सुट्टीचा भाग आहे. पुढच्या सहा दुपारी वाचवता आल्या असत्या. त्यासाठी वहीत 'पाहिलं' आणि 'ऐकलं' असे दोन रकाने पुरले असते.

याच रचनाकारांनी पुढे वाटा लपवण्याची रीत बदलली. १९८६ मध्ये जपानात आलेल्या दुसऱ्या भागात ३-१ मधला वॉर्प खेळाडूला मागे, पहिल्या वर्ल्डमध्ये नेतो. म्हणजे वॉर्प दिसला की डोळे मिटून शिरायचं, ही सवयच त्यांनी मोडली. १९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये बाहेर पडायच्या ९६ वाटा मोजल्या जातात, आणि ज्या लेव्हलला दुसरी, लपलेली वाट आहे तिचा ठिपका नकाशावर लाल असतो. कुठे शोधायचं ते सांगतात, कसं ते नाही. त्यातल्या मायावी जंगलात तर नेहमीच्या दारांनी बाहेर पडलं की माणूस जंगलातच फिरत राहतो, लपलेली दारं सापडल्याशिवाय सुटका नाही. आम्हाला ४-४ मध्ये एखादा लाल ठिपका मिळाला असता तर दादाने कॅसेट काढून फुंकली नसती.

आणि धाकटीचं ऐकायला हवं होतं. ती सगळ्यात लहान म्हणून तिची पाळी सगळ्यात कमी, त्यामुळे ती सगळ्यात जास्त वेळ नुसती बघत बसायची. २-२ तिने ओळखली, दुसरी जमिनीखालची लेव्हल तिने विचारली, ८-४ चा नकाशा तिने काढला. त्या नकाशात अदृश्य ठोकळा तुटक रेघांनी काढला आहे आणि बाजूला लिहिलंय, 'इथे आहे'.

पुढच्या मे महिन्यात तिने वॉर्प न घेता ३२ च्या ३२ लेव्हल खेळायला घेतल्या. ७-४ चा नकाशाही वहीत तिच्याच अक्षरात आहे.